मालदीवचं ऑल-इन्क्लुझिव्ह: कोणाला परवडतं, कोणाला मानवतं

मालदीवहून परत आल्याला बरेच महिने झाले. लगेच लिहायला बसले असते तर फक्त निळ्या पाण्याचं कौतुक झालं असतं. आता कार्डाचं बिल भरून झालंय, फोटो बघण्याचा उत्साह ओसरलाय आणि ओळखीतल्या तीन-चार घरांनी "आम्हीपण सगळं पॅकेजमध्येच घेऊ का?" असं विचारून झालंय, म्हणजे ऑल-इन्क्लुझिव्ह: राहणं, जेवण, पेयं सगळं एकाच किमतीत. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं, त्यामुळे एकदा नीट लिहावं म्हटलं.

माझ्या मते हा निर्णय हॉटेल बघून घ्यायचाच नसतो. आधी बघायचं ते हॉटेलच्या गेटबाहेर काय आहे. मालदीवमध्ये गेटच नसतं. तिथे बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट, आणि 1972 मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून हीच पद्धत चालत आलीय. बेटावर किराणा दुकान नाही, टपरी नाही, शेजारचं स्वस्त हॉटेल नाही. रात्री दहाला मुलाला भूक लागली तर रिसॉर्टच्या मेनूकार्डात जो भाव असेल तोच द्यायचा. घरून बाटली न्यायचा विचारही सोडा, दारू देशात आणायला बंदी आहे आणि विमानतळावरच ती काढून घेतात.

तो भाव कसा वाढतो तेही समजून घ्या. बऱ्याच मेनूंवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. म्हणजे आधी 10 टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी, जो जुलै 2025 पासून 17 टक्के झालाय. 20 डॉलरचा पास्ता 25 डॉलर 74 सेंटला पडतो. चौघांचं एक साधं जेवण, चार पाण्याच्या बाटल्या आणि दोन ज्यूस या हिशोबाने मांडून बघा, मग नुसता ब्रेकफास्ट धरून केलेलं बुकिंग स्वस्त वाटेनासं होतं. आमच्या शेजारच्या व्हिलात एक तरुण जोडपं तसं आलं होतं. ते दर जेवणाला मेनू उजवीकडून वाचायचे, आणि तीन दिवसांनी त्यांनी पैसे भरून प्लॅन वाढवून घेतला.

म्हणून मालदीवच्या रिसॉर्टमध्ये निदान फुल बोर्ड, म्हणजे तिन्ही वेळचं जेवण धरलेलं बुकिंग, तरी हवंच, यावर मी ठाम आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: फुल बोर्ड की ऑल-इन्क्लुझिव्ह? या दोन्हींतला फरक बहुतांशी पेयांचा असतो. घरातले मोठे रोज दोन-तीन पेग किंवा कॉकटेल घेणारे असतील तर ऑल-इन्क्लुझिव्ह सरळ वसूल होतं. कोणीच घेत नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या दारूचे पैसे भरताय. आमच्याकडे मधली परिस्थिती होती. नवरा संध्याकाळी बिअर घेतो, मला कॉफी लागते, मुलगा दिवसभर ज्यूस आणि आइस्क्रीम मागतो, आणि सासूबाईंना चहा सोडून काही नको. साधारणपणे एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. त्यामुळे सासूबाईंची खोली वेगळी घेऊन तिथे फुल बोर्ड ठेवलं, ते फार सोयीचं पडलं.

जेवणाबद्दल सविस्तर लिहिते, कारण शाकाहारी घरांची मुख्य धास्ती तीच असते. मालदीवचं स्वतःचं जेवण ट्यूना या माशावर उभं आहे. गरुधिया हा ट्यूनाचा पातळ रस्सा, आणि चहाबरोबरचे तळलेले पदार्थ आत बहुतेक मासाच भरलेले. नाश्त्याला मस हुनी असते: किसलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी नावाची पोळी. दिसायला अगदी आपल्या खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखी, पण त्यात बारीक कुस्करलेला ट्यूना असतो. सासूबाईंनी चमचा घातलाही होता, तेवढ्यात काउंटरमागचा आचारी हात पुढे करून म्हणाला, "आंटी, फिश!" तो केरळचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी आमच्या टेबलाशी येऊन विचारायचा आणि कढीपत्त्याची फोडणी दिलेलं वरण, भात, एक कोरडी भाजी वेगळी आणून द्यायचा. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन कर्मचारी भरपूर असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराशी बोलून घ्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच ईमेलने कळवावं.

सासूबाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, उद्या काय करायचं हे मला कोणी विचारलंच नाही." आयुष्यभर दोन वेळचा स्वयंपाक केलेल्या बाईला चार-पाच दिवस तो प्रश्न पडू नये, यासाठी मी हे पैसे पुन्हा आनंदाने भरीन. त्या रोज संध्याकाळी जेट्टीवर जाऊन बसत. खालच्या उथळ पाण्यात शार्कची पिल्लं फिरायची, काळ्या टोकाच्या परांची, हातभर लांबीची. त्या ती मोजत बसायच्या आणि रात्री जेवताना आकडा सांगायच्या.

आता जे पॅकेजमध्ये नसतं ते. सगळ्यात मोठा खर्च विमानतळ ते बेट या प्रवासाचा. राजधानी मालेच्या आसपासच्या बेटांवरच्या, म्हणजे माले अटॉलमधल्या, रिसॉर्टला स्पीडबोट जाते, लांबच्यांना सीप्लेन, आणि सीप्लेनचं भाडं माणशी काही शे डॉलर असतं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं मुंबईचं विमान दुपारी उशिरा उतरत असेल तर ती रात्र मालेत किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढावी लागते, आणि तिचा खर्च तुमचाच. विमानाची वेळ नक्की करण्याआधी रिसॉर्टला विचारा. त्यानंतर ग्रीन टॅक्स: 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला 12 डॉलर. चौघं, पाच रात्री म्हणजे 240 डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळाला तो नाही. काही जण पॅकेजमध्ये धरतात, काही निघताना हातात बिल देतात.

स्कूबा, स्पा, जेटस्की यांचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. पण स्नॉर्कलिंगचं सामान अनेक प्लॅनमध्ये मिळतं, आणि मला विचाराल तर तीच तिथली खरी चैन. त्यासाठी बेटाला चांगला हाउस रीफ हवा, म्हणजे किनाऱ्यावरून पोहत जाता येईल असं प्रवाळ. नुसतं लगून, म्हणजे उथळ शांत पाणी, असलेलं बेट फोटोत जास्त सुंदर दिसतं, पण पाण्याखाली वाळूच असते. 1998 आणि 2016 मध्ये समुद्र तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, त्यामुळे रीफची आजची अवस्था ताज्या रिव्ह्यूंमध्ये वाचूनच ठरवा. मी तर खोली थोडी साधी घेईन, पण रीफ सोडणार नाही.

माणसाच्या स्वभावाचाही भाग आहे. बेट पायी वीस मिनिटांत पालथं घालून होतं. बाजार नाही, देऊळ नाही, जुना वाडा नाही. "आज काय बघायचं?" म्हणून सकाळी बूट घालून तयार होणारी माणसं तिसऱ्या दिवशी कासावीस होतात. माझे वडील तसेच आहेत. त्यांना हे मी कधीच सुचवणार नाही.

माझी बहीण टेक्सासमध्ये असते. तिकडची मराठी कुटुंबं थंडीत मेक्सिकोतल्या कानकूनला ऑल-इन्क्लुझिव्ह जातात, कारण विमान जवळचं आणि अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तिथे मात्र माझा सल्ला बदलतो. कानकून हे 1970 च्या दशकात सरकारने आखून वसवलेलं पर्यटननगर आहे, हॉटेलांची लांबच लांब पट्टी. पण गेटबाहेर अख्खं युकातान द्वीपकल्प आहे: साधारण 200 किलोमीटरवर चिचेन इत्झा हे माया लोकांचं प्राचीन शहर, वाटेत वायादोलिद गाव, चुनखडी खचून झालेले गोड्या पाण्याचे डोह, म्हणजे सेनोते. बहीण पहिल्या खेपेला हातात ऑल-इन्क्लुझिव्हचा पट्टा बांधून हॉटेलच्या आतच राहिली. पुढच्या वेळी तिने अर्धे दिवस वायादोलिदला घर घेतलं, आणि आजही ती बोलते ते त्याच दिवसांबद्दल. शिवाय उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ येऊन साचतं. समुद्रात उतरता येत नसेल तर आत कोंडून घेण्यात अर्थ उरत नाही.

आणि गोव्यात किंवा तारकर्लीत? तिथे मी हे कधीच घेणार नाही. बाहेर ताज्या माशांची थाळी असताना दोन्ही वेळा बुफेत जेवणं मला पटत नाही.

मालदीवच बघायचंय पण एवढा खर्च नको, अशांसाठी माफुशी किंवा धिगुराहसारखी स्थानिक लोकवस्तीची बेटं आहेत. तिथली गेस्टहाउसं पुष्कळ स्वस्त, लहान गेस्टहाउसला ग्रीन टॅक्सही निम्मा. दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांत फक्त ठरलेल्या किनाऱ्यावरच वावरता येतं. न पिणाऱ्या, हिंडाफिरायला आवडणाऱ्या घरांना मी हेच सुचवते. माफुशीहून एका दिवसासाठी रिसॉर्टला जाण्याचे पासही मिळतात, त्यात बहुधा जेवण आणि पेयं धरलेली असतात.

पुढच्या वेळी आम्ही तसंच करणार आहोत: आधी धिगुराह, मग शेवटचे दिवस रिसॉर्ट. बुकिंगआधी रिसॉर्टला ईमेलवर विचारायचे प्रश्नही माझ्याकडे लिहून ठेवलेत. ग्रीन टॅक्स धरलाय का, बुफे सोडून बाकीच्या रेस्टॉरंटमध्ये किती वेळा जेवता येतं, खोलीतला मिनीबार रोज भरतात का. आणि दुपारी बाराला खोली सोडल्यावर संध्याकाळच्या बोटीपर्यंतचं जेवण, चहा प्लॅनमध्ये बसतं की नाही. आम्हाला शेवटच्या दुपारी सँडविचचे वेगळे पैसे मोजावे लागले, म्हणून हा प्रश्न मी यादीत सगळ्यात वर ठेवलाय.