हरित लवादाच्या नावाने आमच्या गावाचे 1,86,500 रुपये गेले

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून असलेल्या आमच्या गावाजवळ स्पंज आयर्नचा कारखाना येणार हे कळले, तेव्हापासून मी संघर्ष समितीचा खजिनदार आहे; त्यामुळे पुढच्या मजकुरातली पहिली लाज माझी आहे. जनसुनावणीत आम्ही 214 लेखी हरकती दिल्या, तरीही पर्यावरण मंजुरी निघाली. त्याच आठवड्यात एक गृहस्थ गावात आले. 2009 साली चंद्रपूरकरांनी लोहाऱ्याची कोळसा खाण कशी रोखली, हे त्यांनी इतक्या बारकाव्यांनिशी सांगितले की ते स्वतः त्या लढ्यात असणार, असे आम्हीच धरून चाललो. तसे ते एकदाही म्हणाले नव्हते.

मंजुरीविरुद्ध हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, अपील करायचे म्हणून फीचे 51,000, तज्ज्ञांच्या अहवालासाठी 85,500 आणि स्थगितीच्या तारखेसाठी 50,000 रुपये त्यांनी घेतले. यात तेंदूपत्त्याची मजुरी होती, मोहफुले विकून आलेले पैसे होते, महिला बचत गटाचे 12,000 होते आणि माझे 22,000 होते. पर्यावरण मंजुरीविरुद्धच्या ज्या अपिलात नुकसानभरपाई मागितलेली नसते, त्याची लवादातली फी नियमाप्रमाणे 1,000 रुपये आहे. हे आधी विचारा, मग वर्गणी काढा.

दुसरा हप्ता देताना त्यांनी अपील दाखल झाल्याची प्रत माझ्या हातात ठेवली. वर अशोकस्तंभ, खाली जांभळा गोल शिक्का, आणि ठळक अक्षरांत 'राष्ट्रीय हरित लवाद, नागपूर खंडपीठ'. माझ्या पुतण्याने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "काका, हरित लवाद पुण्याला असतो ना?" मी त्याला चारचौघांत गप्प बसवले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला आहे, तसे याचेही असेल, असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर खजिनदाराला पोराने शिकवावे, हे मला रुचले नाही. लवादाचे नागपूरला खंडपीठ नाही, आपला भाग पुण्याकडे येतो. तो कागद मी आजही घडी करून ठेवला आहे आणि ते शीर्षक दिसले की कान तापतात. दिवसभर शेतात राबून रात्री समितीच्या बैठका घेणाऱ्या माणसाने खंडपीठांची यादी पाठ ठेवावी, अशी अपेक्षा कोणी करत असेल, तर त्याने एक हंगाम आमच्याकडे काढावा. पण विचारणाऱ्याला गप्प बसवायला नको होते, एवढे मान्य. वकिलाची सनद तपासा, आणि वकालतनाम्यावर सही केल्याशिवाय तुमच्या वतीने वकील उभा राहत नाही, हेही लक्षात ठेवा. आमच्याकडून तशी सही कोणी मागितलीच नव्हती.

पैशांपेक्षा मोठे नुकसान मुदतीचे झाले. मंजुरी कळल्यापासून 30 दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण असेल तर लवाद आणखी 60 दिवसांपर्यंत सवलत देऊ शकतो, त्यापुढे नाही. आम्ही स्वतः पुण्याला चौकशी केली तो 97 वा दिवस होता.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्तात आहेत", दुसऱ्या दिवशी "ही दिवाणी बाब आहे", तिसऱ्या दिवशी "तुम्ही स्वखुशीने दिलेत ना?" असे ऐकले. खोटा शिक्का मारून पैसे घेणे दिवाणी कसे, हे विचारल्यावर हवालदाराने मलाच पावती मागितली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला. रक्कम रोख दिली असल्याने थांबवण्यासारखा व्यवहारच त्यांच्यापुढे नव्हता, आणि तिथेही फोन लगेच करावा लागतो. जिल्हा कार्यालयाने अर्ज प्रदूषण मंडळाकडे पाठवला, मंडळाने हरकती जनसुनावणीतच घ्यायच्या असतात असे कळवले, जणू आम्ही त्या घेतल्याच नव्हत्या. वाघाने बैल मारला तर पंचनाम्याला माणूस येतो. माणसाने गाव लुबाडले तर आवक क्रमांक मिळतो. माझ्याकडे असे चार आहेत. मोफत सल्ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मिळतो, हे आम्हाला सर्व उरकल्यावर एका शिपायाने सांगितले. तुम्ही आधी तिथे जा.

समितीच्या बैठकांना आता सात-आठ माणसे येतात. बचत गटाच्या वहीत 12,000 रुपयांसमोर अध्यक्षाबाईंनी माझे नाव 'येणे' म्हणून लिहिले आहे, आणि मी त्यावर सही केली आहे. सोयाबीन विकले की पहिली फेड तीच.