पांढऱ्या मोराच्या नावाखाली टर्कीची पिल्लं: मावशीच्या घरी झालेली फसवणूक

"पांढरा मोर परदेशी असतो, त्याला आपला कायदा लागत नाही," असं कुणी सांगितलं की तिथेच बोलणं थांबवा. हे धडधडीत खोटं आहे. माझ्या मावशीचे आणि काकांचे अठरा हजार रुपये याच एका वाक्यावर गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त राग पुढे जी धमकी मिळाली तिचा आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मावशी मनोरीला राहते. बैठं घर, मागे थोडी वाडी, गावठी कोंबड्या. काकांना पाखरांचा भारी लळा. त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. त्यात पांढराशुभ्र मोर पिसारा फुलवून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'मोर जोडी, पिल्लं उपलब्ध, कागदपत्रांसह.' काकांनी फोन करून पहिला प्रश्न कायद्याचाच विचारला होता. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, तो असा विकत मिळतो का? पलीकडचा माणूस मुळीच गडबडला नाही. प्रत्येक वाक्यात 'काका, काका' करत त्याने समजावलं की बंदी निळ्या मोरावर आहे, हा पांढरा विदेशी जातीचा, पोपट-कॉकटीलसारखा घरात ठेवता येतो. मग गोल शिक्का मारलेलं कसलंसं प्रमाणपत्र आलं आणि त्यामागोमाग डीएनए चाचणीचे दोन अहवाल. एकावर नर, दुसऱ्यावर मादी. आता आणखी काय पडताळायचं राहिलं, असंच कुणालाही वाटलं असतं.

खरी गोष्ट अशी. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पांढरा मोर ही वेगळी जात नाही. तो आपलाच निळा मोर, फक्त पिसांत रंगद्रव्य आलेलं नाही. त्याचे डोळे लाल नसतात, कारण रंगद्रव्याचा अभाव पिसांपुरताच असतो. जात तीच, तर कायदाही तोच. घरात पाळायला मोर किंवा मोराचं पिल्लू विकत घेण्याची कायदेशीर वाट आपल्याकडे नाही. अंडी आणून कोंबडीखाली उबवणंही चालत नाही. मलबार हिलला राजभवनात मोर दिसतात, मग आम्हाला का नाही, असं काकांनी मला नंतर विचारलं. ते मोर तिथल्या झाडीत मोकळे राहतात, कुणी पिंजऱ्यात पाळलेले नाहीत.

पिल्लं मार्वे जेट्टीवर मिळाली. विकणारा स्वतः आलाच नाही. स्कूटरवरून एक पोरगा आला, भोकं पाडलेलं खोकं काकांच्या हातात दिलं, उरलेले पैसे यूपीआयने आल्याचा मेसेज दाखवला आणि निघून गेला. आत पिवळसर पांढरी, महिन्याभराची म्हणून सांगितलेली दोन पिल्लं. एकाच्या पायाला निळा दोरा, दुसऱ्याच्या लाल. निळा नर, लाल मादी.

या दोऱ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण फसवणुकीचं अर्धं कसब त्यातच होतं. मोराच्या लहान पिल्लात नर-मादी बघून ओळखता येत नाही. तुरा दोघांनाही येतो. निळ्या मोरात काही महिन्यांनी नराच्या मानेवर निळी झाक चढू लागते, तर मादीची मान हिरवट राहते. नराचे पाय लांब वाटतात, पंखांच्या टोकाची मोठी पिसं तांबूस दिसतात. तरीही जाणकार लवकर पैज लावत नाहीत. पिसारा दुसऱ्या वर्षी वाढायला लागतो आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास भरतो. पांढऱ्यात तर रंगाची खूणच नाही. पायांची लांबी आणि अंगाची ठेवण यांवरून अंदाज बांधायचा, नाहीतर डीएनए चाचणी करायची. म्हणजे महिन्याभराच्या पिल्लाला 'नर' म्हणून विकणाऱ्याला नुसतं बघून दोन-तीन वर्षं कुणी खोटं पाडू शकत नाही. तोवर त्याचा नंबरही चालू नसतो.

डीएनए चाचणी मात्र खरीच असते. पक्ष्यांत मादीची लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात आणि नराची सारखी, त्यामुळे रक्ताच्या थेंबावरून किंवा मुळासकट उपटलेल्या पिसावरून नक्की सांगता येतं. गळून पडलेलं पीस भरवशाचं नसतं. पण अहवाल नेमका कुठल्या पक्ष्याचा, हे ठरवायला पायात क्रमांकाचं कडं हवं आणि तोच क्रमांक कागदावर हवा. आमच्या पिल्लांच्या पायात दोरे होते, कडी नव्हती. अहवालावर क्रमांकाची जागा कोरी होती. मी तारीख पाहिली तर ती पिल्लं अंड्यातून बाहेर पडली असं तो माणूस सांगत होता, त्याच्याही आधीची. कुठल्या तरी दुसऱ्याच पक्ष्यांचे जुने अहवाल नाव बदलून पाठवले होते.

मी गेले तेव्हा पिल्लांना बघून मला पहिली शंका आली ती डोक्यावरून. मोराच्या पिल्लाला साधारण महिन्याभरात तुऱ्याची टोकं दिसू लागतात. यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. उलट चोचीच्या मुळाशी मांसाचा बारीकसा कोंब होता, दोघांनाही. काकांनी त्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "पांढऱ्यात तुरा उशिरा येतो काका, आणि तो कोंब गळून पडतो." त्याच फोनमध्ये त्याने औषधांची थैली विकली. जंताचं, ताकदीचं, 'अँटिबायोटिक पावडर'. तीन हजार.

मग निळ्या दोऱ्याचं पिल्लू आजारी पडलं. पंख खाली लोंबू लागले, ते कोपऱ्यात फुगून बसायचं, विष्ठा गंधकासारखी पिवळी. मावशी रात्री उठून उठून दिव्याची ऊब बघत होती. त्या माणसाने पावडर दुप्पट करायला सांगितली. पिल्लू गेलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की नर नाजूक असतो, दुसरा पाठवतो, निम्म्या किमतीत.

मेलेलं पिल्लू बर्फात घालून आणि जिवंत पिल्लू टोपलीत घेऊन आम्ही परळला पशुवैद्यांकडे गेलो. डॉक्टरांनी टोपलीत एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे मोराचं पिल्लू नाही. टर्की आहे." पांढऱ्या टर्कीची पिल्लं जन्मतः पिवळी असतात, मग पांढरी होतात. पांढऱ्या मोराचंही तसंच. कपाळावरचा तो कोंब म्हणजे टर्कीच्या चोचीवर पुढे लोंबणारी सोंड. पोल्ट्रीवाल्यांकडे ही पिल्लं काही शे रुपयांना मिळतात.

मेलेल्या पिल्लाच्या यकृतावर गोल खोलगट डाग होते. निदान झालं ब्लॅकहेड. हा आजार मोर, टर्की दोघांनाही होतो, आणि तो बहुतेकदा कोंबड्यांकडून येतो. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांच्या अंड्यांतून हे जंतू फिरतात. कोंबडी ठणठणीत दिसते, पण तिची विष्ठा पडलेली माती पुढे वर्षानुवर्षं धोक्याची राहते. टर्कीची पिल्लं कोंबड्यांच्या आवारात ठेवायचीच नसतात. काकांनी फोनवर विचारलं होतं, कोंबड्या आहेत, चालेल ना? "बिनधास्त, उलट सोबत होते," असं उत्तर मिळालं होतं. हे मला अजूनही सहन होत नाही. पैसे घेतलेस ते घेतलेस, निदान जीव जगेल एवढं तरी खरं सांगायचं.

कायदेशीररीत्या टर्की पाळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं इथे देते. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांच्या आसपास ठेवायची आणि दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवायची. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उकडतं आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नये, त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. रोज एकाच वेळी वजन करावं. आजारी पक्षी आजार लपवतो, पण वजन लपत नाही, आणि छातीचं हाड हाताला टोचू लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या आजाराचा संशय धरावा, खास करून पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहिला असेल तर. फोनवरून पावडर नाही, विष्ठेचा नमुना तपासूनच औषध.

आता धमकीकडे येते. काकांनी पैसे परत मागितले तेव्हा तो माणूस पहिल्यांदा 'काका' म्हणाला नाही. "मोर विकत घेणं गुन्हा आहे, माहीत आहे ना? तीन ते सात वर्षं. तुमचे मेसेज माझ्याकडे आहेत. तक्रार करा, आधी तुम्ही आत जाल." ज्याने कायदा लागत नाही म्हणून कागद पाठवले, तोच आता त्याच कायद्याचं कलम वाचून दाखवत होता. हा धंदा यावरच उभा आहे. गिऱ्हाईक घाबरून गप्प बसणार हे त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. टर्कीचं पिल्लू निघालं काय आणि मेलं काय, पोलिसांत कोण जातो?

मावशी दोन रात्री झोपली नाही. काका म्हणत होते, सोडून देऊ. आम्ही ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं की काहीही लपवू नका, काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, सगळं क्रमाने लिहून द्या. 'कायद्यात बसतं का' हा काकांचा पहिला मेसेज आणि त्याचं उत्तर, दोन्ही फोनमध्ये होतं, तेच सगळ्यात कामाला आलं. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर त्या जाहिरातीची माहिती दिली. काकांना कुणीही आत टाकलं नाही. जबाब घेतला, फोनमधले मेसेज उतरवून घेतले, पावती दिली. पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत. ते ज्या खात्यात गेले, तिथून त्याच दिवशी काढून घेतलेले होते. १९३० वर फोन पहिल्या काही तासांत झाला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. धमकीच्या भीतीत आमचा तो वेळ निघून गेला.

व्हिडिओतला तो पांढरा मोर अजून फिरतो आहे. ते पान बंद झालं, पण अलीकडेच तोच मोर, मागे तीच निळी पत्र्याची भिंत, दुसऱ्या नावाच्या पानावर दिसला. 'मुंबई, ठाणे, पालघर पोहोच' असं लिहिलं होतं. स्क्रीनशॉट आम्ही वनविभागाला पाठवले आहेत. तुमच्याकडे तो आला तर दर विचारायलासुद्धा मेसेज करू नका, पानाचं नाव आणि नंबर टिपून १९२६ ला कळवा. आणि ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत, ज्यांना अशीच धमकी आली आहे, त्यांनी मेसेज पुसू नयेत. आजच १९३० ला फोन करावा.