कॉलेजच्या कुस्तीपायी गेलेले ५,५४५ डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो. ३,४५० ‘रिक्रूटिंग पॅकेज’चे, म्हणजे मुलाला कॉलेजच्या कुस्ती संघात जागा आणि शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या आश्वासनाचे, १,२०० मुलाच्या कुस्त्यांचा व्हिडिओ कापून-जोडून देण्याचे आणि ८९५ दोन दिवसांच्या एका शिबिराचे, जिथे म्हणे कॉलेजांचे कोच रांगेने बसणार होते. एकूण ५,५४५. हसायचं असेल तर हसून घ्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०२४ च्या सीझनला मुलगा दहावीत होता, शाळेच्या संघातून १३८ पौंडाच्या वजनगटात खेळायचा. २७ जिंकल्या, ९ हरल्या, रीजनमध्ये, म्हणजे राज्य स्पर्धेच्या आधीच्या फेरीत, बाहेर. राज्य स्पर्धेला अटलांटिक सिटीपर्यंत पोचला नाही. बरा खेळतो, पण हिरा वगैरे नाही, हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं, कारण माझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट आमच्या घरी पंगतीत सांगितली जायची. मग पोराच्या कुस्तीसाठी मी साडेतीन हजारांसाठी मागे-पुढे पाहायचं होतं का?

शिवाय पॅकेज विकणारा माणूस ओळखीतून आला होता. मंडळाच्या गणपतीत नेहमी दिसणाऱ्या एका गृहस्थांनी सुचवलं, “आमच्या मुलाचं काम यांनीच केलं, बोलून तर बघा.” त्यांनी आणलेल्या प्रत्येक घरामागे त्यांना ३०० डॉलरची सूट मिळते, हे मला नंतर कळलं. आपल्या माणसाने सांगितलं म्हणून चौकशी न करणं, ही आपली जुनी खोड. तुम्ही तरी करा.

पॅकेजवाल्याला भाषा नीट येत होती. डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची श्रेणी), डिव्हिजन थ्री (तिसरी श्रेणी), कोअर कोर्सेस (खेळायला पात्र ठरण्यासाठी शाळेत लागणारे विषय), सगळं तोंडपाठ. “तीन कोचना रस आहे, पण १५ जूनच्या आधी ते थेट फोन करू शकत नाहीत.” हे अर्ध खरं होतं, म्हणूनच मी फसलो. डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच मुलांशी बोलू शकतात, नियमच तसा आहे. नियम खरा होता, कोच खोटे होते.

आता ज्या संध्याकाळी मला कळायला हवं होतं, ती संध्याकाळ. मार्चमध्ये त्याचा गुळगुळीत रंगीत अहवाल आला. एका कॉलेजपुढे लिहिलेलं: ‘१३८ पौंडात जागा रिकामी, कोच उत्सुक.’ मुलाने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “बाबा, कॉलेजला १३८ नसतंच. १३३ असतं, मग १४१.” मी काय म्हणालो? “तू डाव शिक, हे मोठ्यांचं आहे.” कॉलेजचे वजनगट दहा आहेत, १२५ पासून २८५ पर्यंत, आणि ते सोळा वर्षांच्या पोराला पाठ होते. ज्याला ५,५४५ दिले त्याला नव्हते, आणि मलाही. त्याच पानावर एका डिव्हिजन थ्री कॉलेजची ‘५० टक्के कुस्ती शिष्यवृत्ती’ छापलेली होती. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. दोन ओळी, दोन थापा, आणि मी त्याला आभाराचा मेल लिहिला. तो मेल अजून आहे. रात्री कधीतरी उघडून वाचतो.

१५ जूनला शनिवार होता. सकाळपासून फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. दिवसभरात एकच वाजला, डेंटिस्टचा.

महिनाभर वाट पाहून मीच त्या ‘उत्सुक’ कोचला मेल टाकला. पत्ता कॉलेजच्या साइटवर उघडा होता. दुसऱ्या दिवशी सभ्य उत्तर आलं: या कंपनीचं नाव ऐकलेलं नाही, मुलाला आमचा फॉर्म भरायला सांगा. फॉर्म फुकट. ३,४५० डॉलरमध्ये याने नेमकं केलं काय, ते तुम्हीच ठरवा.

पूर्ण शिष्यवृत्तीचं गाजरही तपासा. देशात हायस्कूलला कुस्ती खेळणारे मुलगे अडीच लाखांच्या वर, आणि डिव्हिजन वनचे संघ ऐंशीच्या आत. त्या वेळी एका संघाला मिळून पूर्ण शिष्यवृत्त्या जास्तीत जास्त ९.९. तीसेक पोरांत वाटा आणि एकेकाच्या वाट्याला काय येतं ते बघा. २०२५ पासून नियम बदललेत, पण सगळ्यांना फुकट शिक्षण तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. बँक म्हणाली, झेलने (खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय) पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, आता आमच्या हातात काही नाही. पोलिस ठाण्यातल्या माणसाने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, “हे दिवाणी प्रकरण आहे.” कंपनी दुसऱ्या राज्यातली, म्हणून तिथल्या ग्राहक कार्यालयाला अर्ज केला. अकरा पानं, प्रत्येक पावती जोडलेली. सात महिने! मधे पाच वेळा फोन केला, एकदा ४७ मिनिटं संगीत ऐकलं, शेवटी बाईंनी विचारलं, “करारावर सही तुमचीच आहे ना?” सातव्या महिन्यात पत्र: तक्रार नोंदवून ठेवली आहे, वैयक्तिक प्रकरणात आम्ही वकिली करत नाही. मग अकरा पानं कशाला भरून घेतलीत? सोबत ‘आमची सेवा कशी वाटली’ची लिंक. शाळेत गेलो तर तिथे ऐकलं की पालक सभेत सावध केलं होतं. केलं असेल. त्या सभेला मी नव्हतो, प्रॉडक्शन रिलीज होतं.

क्रेडिट कार्डाने भरले होते ते ८९५ परत आले, कारण शिबिर झालंच नाही. झेलचे ४,६५० गेले. द्यायचेच असतील तर कार्डाने द्या, कुणी ‘झेलवर सूट’ म्हणालं की उठून चालू लागा.

सगळ्यात घाम फुटला तो करार पुन्हा वाचताना. पान चार: शिष्यवृत्ती मिळाल्यास तिच्या १० टक्के आमचे. मुलाला संघात जागा मिळवून देण्यावर ज्याची फी ठरते असा मध्यस्थ धरला, तर एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमाने मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. म्हणजे त्याने खरंच काम केलं असतं, तर पोरगं त्याहून वाईट अडकलं असतं! असं कलम दिसलं की पुढचं वाचूच नका.

मुलाने गेल्या वर्षी स्वतःच सव्वीस कोचना मेल केले, नऊ जणांची उत्तरं आली. व्हिडिओ त्याच्या मित्राने फोनवर जोडला, एका पिझ्झ्यात.

कराराची प्रत कुणाला बघायची असेल तर मागा, पाठवतो. फक्त मंडळाच्या कार्यक्रमात तोंडावर विचारू नका. बायकोला मी अजून दोन हजारच गेले म्हणून सांगितलंय.