कनेक्टर आवळायचे दोन टॉर्क पाने: 0.56 आणि 0.9

आरएफ (रेडिओ लहरींवर चालणाऱ्या) चिपच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे चिप ठरल्यासारखी चालते का हे तपासताना, निम्मा वेळ केबल लावण्या-काढण्यात जातो. म्हणून ज्या पान्याशी दिवसभर गाठ पडते, त्याबद्दल लिहितोय.

माझ्याकडे दोन आहेत. 0.56 न्यूटन-मीटरचा पितळी एसएमएसाठी (केबलच्या टोकाचा, नट आवळून बसवायचा छोटा आरएफ कनेक्टर), 0.9 चा स्टीलच्या 3.5 आणि 2.92 मिमी कनेक्टरांसाठी. दोन्ही ब्रेक-ओव्हर, म्हणजे ठरलेला टॉर्क आला की मूठ सांध्यात लचकते. लचकायला लागली की तिथेच थांबायचं. पूर्ण वाकवलीत तर जास्तीचा जोर नटावर जातोच. मूठ टोकाशी दोन बोटांत धरायची आणि दुसऱ्या हातातल्या साध्या पान्याने केबलचं अंग अडवायचं. फिरायला हवा तो फक्त नट. केबलच फिरली तर मधली पिन समोरच्या पाकळ्यांत घासते आणि कनेक्टर हळूहळू कामातून जातो.

एवढा सोपस्कार कशाला? 28 गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी साधारण 10.7 मिमी. कनेक्टरांत 0.1 मिमी फट राहिली तरी फेज (लहरीची अवस्था) तीन अंशांहून जास्त सरकते, परावर्तन मोजत असाल तर दुप्पट. 1 गिगाहर्ट्झला त्याच फटीचा पत्ताही लागत नाही, म्हणून तिथे हाताने आवळलेलं खपून जातं. उणे 40 ते 85 अंशांत चिप तपासताना गेन (चिप सिग्नल किती वाढवते तो आकडा) 0.2 डीबीने हलला, तर तो चिपने हलवला की ढिल्या नटाने, हा वाद डिझाइनवाल्यांशी घालायला वेळ कोणाला आहे?

आता कुरकुर. दोन्हींचं तोंड 8 मिमी, मूठ सारखीच, आणि टॉर्कचा आकडा इतका बारीक कोरलाय की भिंग घ्यावं. 0.9 वाला चुकून बोर्डाच्या कडेच्या पितळी एसएमएवर चालवला, तर आटे जातील नाहीतर कनेक्टर जोडलेला बोर्डावरचा पॅड उखडेल. आम्ही त्याच्या मुठीला लाल टेप गुंडाळलीय. हे खरं तर बनवणाऱ्याचं काम. डोकंही जाड आहे. पोर्ट खेटून बसवलेल्या इव्हॅल्युएशन बोर्डावर (चिप तपासायच्या बोर्डावर) मधले नट आधी आवळावे लागतात, कडेचे नंतर.

सोडवायला हे पाने वापरू नका, त्याला साधा पाना पुरतो. आणि घ्यायचाच तर आधी 0.56 वाला घ्या. काम 18 गिगाहर्ट्झच्या आत असेल आणि कॅल-किटही (मोजणीचं यंत्र कॅलिब्रेट करायचा संच) पितळी एसएमएचंच असेल, तर दुसऱ्यावाचून अडत नाही.