मॅनेजरला आणखी वेळ द्यायचा की नारळ? दोन्ही निर्णय शेजारी ठेवून

४ फेब्रुवारी २०१५ ला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, बोरुसिया डॉर्टमुंड घरच्या मैदानावर ऑग्सबर्गकडून ०-१ असा हरला, तोही ऑग्सबर्गचे शेवटी दहाच खेळाडू उरले असताना. १९ सामन्यांत १६ गुण आणि १८ संघांत अठरावा क्रमांक. सामना संपल्यावर गोलरक्षक वायडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स कुंपणापाशी जाऊन संतापलेल्या पाठीराख्यांशी बोलत राहिले. मॅनेजर युर्गेन क्लॉप यांना मात्र क्लबने हात लावला नाही.

५ ऑक्टोबर २०२२. त्याच बुंडेसलिगातला बायर लेव्हरकुसेन ८ सामन्यांत ५ गुणांसह सतरावा होता. क्लबने मॅनेजर जेरार्डो सेओआने यांना घरचा रस्ता दाखवला आणि त्यांच्या जागी शाबी आलोन्सो यांना आणलं. पहिल्या फळीच्या क्लबचा त्यांना अजिबात अनुभव नव्हता.

लीग एकच, अवस्था जवळपास सारखीच, निर्णय मात्र उलटे. आणि दोन्ही बरोबर ठरले. डॉर्टमुंडने उरलेल्या १५ सामन्यांत ३० गुण कमावले आणि मोसम सातव्या क्रमांकावर संपवला. लेव्हरकुसेन त्या मोसमात सहावा आला आणि पुढच्या मोसमात ३४ पैकी एकही सामना न हरता विजेता झाला.

तुमच्या क्लबचा मॅनेजर गाळात असेल आणि कोणत्या बाजूने बोलावं हे ठरत नसेल, तर या जोडीपासून सुरुवात करा. माझं मत आधीच सांगतो: मॅनेजरला सध्या मिळतो त्यापेक्षा जास्त वेळ मिळायला हवा. पण तो त्याच्या जुन्या पुण्याईवर नाही, आणि माणूस भला आहे म्हणूनही नाही. मैदानावर काय दिसतंय, यावरच तो मिळायला हवा.

पराभव कशामुळे होतायत?

त्या मोसमातला डॉर्टमुंडचा खेळ तळाच्या संघासारखा नव्हताच. संधी तयार होत होत्या, चेंडू जाळ्यात जात नव्हता. गोल करणारा लेवांडोव्स्की उन्हाळ्यात फुकटात प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकला गेला होता, रॉइस दुखापतींमुळे आत-बाहेर करत होता. एक्सजी, म्हणजे संधींच्या दर्जावरून काढलेले अपेक्षित गोल, या मापाने पाहिलं तर हा संघ गुणतालिकेत होता त्याच्या बराच वरचा होता. असा संघ फार काळ तळाशी राहत नाही. अशा वेळी मॅनेजर बदलला तर पुढे येणाऱ्या विजयांचं श्रेय नव्याला मिळतं, इतकंच.

लेव्हरकुसेनची गोष्ट वेगळी होती. आदल्या मोसमात तिसरा आलेला हा संघ जवळपास तसाच हाताशी होता. मोसमाच्या सुरुवातीलाच जर्मन कपमध्ये तिसऱ्या विभागातल्या एल्फर्सबर्गने त्यांना ४-३ ने बाहेर काढलं. मग बायर्नकडून ०-४ आणि चारच दिवसांनी पोर्तोकडून ०-२. सेओआने यांना वर्षभराहून अधिक वेळ मिळालेला होता आणि त्यांच्याच हाताखाली संघ खाली खाली चालला होता. इथे थांबून काय मिळालं असतं, हे मला तरी सांगता येणार नाही.

म्हणून गुणतालिका उघडण्याआधी शेवटचे सात-आठ सामने आठवून पाहा. संधी कोण जास्त तयार करतंय? गोल खाल्ल्यावर संघ पुन्हा दाब टाकतो की खांदे पाडतो? चेंडू गेल्यावर परत धावणारे किती आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बिघडत चाललं असेल तर ड्रेसिंग रूम, म्हणजे खेळाडूंचा विश्वास, मॅनेजरच्या हातातून सुटतेय असं समजा. ती सुटली की वेळ देऊन काही होत नाही.

नव्या मॅनेजरची उसळी

‘बदललं की निकाल सुधारतात’ हे बदलाच्या बाजूचं सगळ्यात जोरकस वाक्य. नवा मॅनेजर येतो, दोन-तीन विजय मिळतात, आणि सगळे म्हणतात, बघा! पण हकालपट्टी होते ती संघ अगदी तळाला टेकल्यावर. तिथून बहुतेक वाट वरच जाते. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधली १९८६ ते २००४ या काळातली उदाहरणं घेऊन हेच तपासलं. मॅनेजर काढलेले संघ आणि तशाच घसरणीतही न काढलेले संघ त्यांनी शेजारी ठेवले. न काढलेलेही सावरले. काढल्याचा वेगळा फायदा त्यांना आढळला नाही.

इंग्लंडमधल्या क्रिस्टल पॅलेसचं २०१७ हे माझ्या मते या वादातलं सगळ्यात शिकवून जाणारं प्रकरण. मॅनेजर म्हणून फ्रँक डी बूर आले ते तीन बचावपटूंची नवी रचना घेऊन. लीगमधले पहिले चार सामने हरले, एकही गोल नाही. चौथ्या पराभवानंतर नारळ. रॉय हॉजसन आले आणि त्यांनीही लीगमधले पहिले तीन सामने गमावले, एकही गोल न करता. सात सामने, शून्य गोल. डी बूर यांना लावलेला न्याय लावला असता तर हॉजसनही लवकरच दारात उभे दिसले असते. त्यांना थांबू दिलं. १४ ऑक्टोबरला पॅलेसने चेल्सीला २-१ हरवलं. त्यातला एक गोल विल्फ्रेड झाहाचा होता. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर बसलेला हा संघाचा सर्वांत धोकादायक खेळाडू त्याच दिवशी परतला होता. मोसमअखेर पॅलेस अकरावा.

हॉजसन यांचं मोल मी कमी करत नाही. त्यांनी रचना सोपी केली, खेळाडूंना नेमकी कामं दिली. पण ज्या संघाला डी बूर यांची पद्धत झेपणार नव्हती, तिथे त्यांना नेमलंच कशाला? चूक उन्हाळ्यात झाली होती आणि तिची किंमत सप्टेंबरमध्ये एकट्या मॅनेजरने मोजली. त्याला निवडणारे मात्र बहुतेकदा जागेवरच राहतात, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

बर्नलीचं उदाहरण तर आणखी सोयीचं, कारण तिथे क्लबही एकच आणि माणूसही एकच. २०१५ मध्ये मॅनेजर शॉन डाइश यांचा संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधून, खालच्या विभागात गेला. क्लबने त्यांना ठेवलं. पुढच्याच वर्षी ते चॅम्पियनशिप, म्हणजे तो खालचा विभाग, जिंकून परत वर आले. एप्रिल २०२२ मध्ये संघ अठरावा होता, आठ सामने उरले होते, आणि याच डाइश यांना काढलं. काळजीवाहू माइक जॅक्सन यांनी त्या आठ सामन्यांत ११ गुण मिळवले. म्हणजे उसळी आली, अगदी खरीखुरी आली. तरी बर्नली अठरावाच राहिला आणि खाली गेला. बदल मोसमाच्या शेवटच्या वळणावर केला की तो चांगला चालला तरी पुरत नाही.

याउलट अ‍ॅस्टन व्हिला. त्यांनी स्टीव्हन जेरार्ड यांना ऑक्टोबर २०२२ मध्येच काढलं आणि लगेच उनाई एमरी यांना आणलं, युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा चार वेळा जिंकलेला माणूस. पुढे वर्ल्ड कपची लांब सुटी होती, सरावाला आठवडे मिळाले. मोसमअखेर सातवा, पुढच्या मोसमात चौथा क्रमांक. फरक तारखेत आहे आणि पुढच्या नावात आहे. ‘याला काढा’ म्हणणाऱ्याने त्याच दमात ‘त्याला आणा’ हेही म्हणायला हवं. नाव नसेल तर मागणी अर्धवट आहे.

वेळ देण्याचाही तोटा असतो

वेळ द्या म्हणणारे लगेच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचं नाव घेतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, पहिला करंडक मे १९९० मध्ये, आणि त्या मोसमात लीगमध्ये तेरावा क्रमांक. सगळं खरं. पण वेळ मिळूनही काहीच न घडलेल्या मॅनेजरांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, त्यामुळे हे एक उदाहरण सगळ्यांना लावता येत नाही. फर्ग्युसन यांच्याबाबत पडद्यामागे काहीतरी उभं राहताना दिसत होतं. युवा खेळाडू शोधण्याची यंत्रणा त्यांनी नव्याने बांधायला घेतली होती. तसं काही तुमच्या क्लबात दिसतंय का, ते बघा.

साउथॅम्प्टनने मॅनेजर राल्फ हासेनह्युटल यांना ऑक्टोबर २०१९ मध्ये लेस्टरकडून घरच्या मैदानावर ०-९ हरल्यावरही ठेवलं, आणि त्या मोसमात संघ अकरावा आला. धीराचं सुंदर फळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून पुन्हा ०-९. पुन्हा ठेवलं. मग २०२२ च्या वसंतात विजय जवळपास आटले, आणि खरा निर्णय त्या मे महिन्यात व्हायला हवा होता. तो पुढे ढकलला गेला, नोव्हेंबरमध्ये घाईने बदल झाला, मोसमाने तीन मॅनेजर पाहिले आणि संघ तळाला राहून खाली गेला. एकदा धीर फळला म्हणून तो दर वेळी फळेल असं नाही.

क्लबची ऐपतही बघायला हवी. जर्मनीतला फ्रायबुर्ग २०१५ मध्ये खाली गेला तेव्हा मॅनेजर क्रिस्टियान श्ट्राइख जागेवरच राहिले, आणि वर्षभरात दुसरा विभाग जिंकून संघ वर आला. तिथे घसरण म्हणजे जगबुडी नसते, खर्च त्या बेतानेच केलेला असतो. कर्ज काढून पगार देणाऱ्या क्लबला हा धीर परवडत नाही. त्यांच्या घाईमागची भीती मला समजते.

मधला रस्ता

सगळ्यात महाग पडते ती दोलायमान अवस्था. मे २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने एफए कप जिंकला, पण लीगमध्ये ते आठवे होते. मॅनेजर एरिक टेन हाग यांना ठेवायचं की नाही यावर काही आठवडे खल चालला. जुलैमध्ये करार वाढवून दिला. त्यांच्या पसंतीचे खेळाडू विकत घेतले. आणि लीगचे नऊ सामने होताच, संघ चौदावा असताना, २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भरपाईपोटी १ कोटी ४ लाख पौंड गेले. त्यांच्या जागी रुबेन अमोरिम यांना सोडवून आणायला पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबला १ कोटी १० लाख युरो दिले.

मे महिन्यात दोन्हीपैकी कोणताही निर्णय मी समजू शकलो असतो. करंडक हाती असताना काढणं कठोर वाटलं असतं, पण नव्या माणसाला अख्खा उन्हाळा मिळाला असता. ठेवायचंच होतं तर नऊ सामन्यांवर तो विश्वास संपायला नको होता. त्यांनी दोन्ही निर्णयांचे तोटे पदरात घेतले. अमोरिम तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक, म्हणजे कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे खेळाडू, घेऊन खेळणारे. हाताशी आलेला संघ मात्र दुसऱ्याच रचनेसाठी जमवलेला. डाव्या विंगबॅकच्या जागेसाठी पॅट्रिक डोर्गूला इटलीतल्या लेच्चे क्लबाकडून आणेपर्यंत फेब्रुवारी उजाडला, आणि युनायटेडने तो मोसम पंधराव्या क्रमांकावर संपवला.