ओगेम, आठ महिन्यांनंतर: लुटारूची पट्टी उणे कशी करायची

मागच्या दिवाळीत भाच्यानं हे खूळ डोक्यात घातलं. ओगेम म्हणजे ग्रह वसवून जहाजं बांधायचा, एकमेकांना लुटायचा ऑनलाइन खेळ. २००२ पासून ब्राउझरमध्ये चालतो, माझ्या जुन्या मोबाइलवरही. दिसायला रुक्ष, आकडे, तक्ते आणि बांधकाम पुरं व्हायची वाट. पण मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे खर्च वजा जाता हिशेब, लिहितो, म्हणून मला जमला.

सुरुवातीला स्वस्तातला माल घेतला. रॉकेट लाँचर ही ग्रहावरची साधी तोफ, २,००० धातूला एक. ३०० उभे केले, सहा लाख धातू घातलं आणि निवांत झोपलो. सकाळी अहवाल बघतो तर सगळे आडवे. कुणीतरी क्रूझर, म्हणजे लढाऊ जहाजं, घेऊन आला होता. क्रूझरचा मारा ४०० आणि लाँचरचं कवच-ढाल मिळून जेमतेम २२० (दोघांचं संशोधन सोडून). म्हणजे एका गोळीत एक खलास. वर क्रूझरला लाँचरवर १० चा रॅपिड फायर: लाँचरवर गोळी पडली की दहापैकी नऊ वेळा तीच क्रूझर लगेच पुन्हा झाडते.

ही साखळी तुटते ती गोळी दुसऱ्या कशावर पडली की. निशाणा तर चिठ्ठी काढल्यासारखा निघतो. म्हणून लाइट लेझर या दुसऱ्या तोफा मिसळायचे, १,५०० धातू आणि ५०० क्रिस्टल. अंगानं तेवढेच नाजूक, पण क्रूझरचा रॅपिड फायर त्यांच्यावर चालत नाही. सोयाबीनमध्ये तूर घेतो तसं. या गर्दीमागं प्लाझ्मा टरेट या जड तोफा ठेवल्या तर लढाईच्या सहाही फेऱ्या टिकून ३,००० चा मारा करतात. नुसते चार प्लाझ्मा ठेवून बघितले, पैसे वाया.

बरं, लढाईनंतर पडलेल्या तोफांपैकी साधारण ७० टक्के आपोआप उभ्या राहतात. त्या रात्रीचे दोनशेवर लाँचर परत आले होते, मी उगाच कपाळ बडवत बसलो.

खरा खेळ हिशेबाचा आहे. गोदामात ६ लाख धातू, ३ लाख क्रिस्टल आहे समजा. लुटारू निम्मं नेतो, म्हणजे साडेचार लाख. त्याची एक क्रूझर २०,००० धातू, ७,००० क्रिस्टल आणि २,००० ड्युटेरियमची. भंगारातून धातू-क्रिस्टलचे ३० टक्के, म्हणजे ८,१०० वेचले तरी एकीमागं २०,९०० ची खोट. बावीस फुटल्या की पट्टी उणे, हमाली-तोलाई वेगळीच. तेवढ्या फोडण्यापुरत्या तोफा पुरतात. त्याहून जास्त म्हणजे हौस.

ग्रहावरचे ढालीचे घुमट दोन्ही बांधले. त्यावर लिहावं असं काही नाही.

तोफांच्या भरवशावर जहाजं मात्र घरी ठेवू नका. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली, मोबाइल तीन टक्क्यांवर, फ्लीटसेव्ह, म्हणजे जहाजं वेळेत उडवून हल्ल्यापासून लांब ठेवणं, राहिला. पहाटेपर्यंत जहाजांचं भंगार झालं आणि वेचायलाही तोच आला. बायको म्हणाली, "आता तरी झोपाल का?"

सध्या हेरयानं येतात, बघतात, जातात. पण शेजारच्या सौरमालेतला एकजण क्षेपणास्त्रं जमवतोय. ती एकही जहाज न गमावता तोफा फोडतात, म्हणजे माझी पट्टी तिथं लागूच होत नाही. माझा सायलो, म्हणजे क्षेपणास्त्रांचं कोठार, चौथ्या पातळीवर, ४० प्रतिरोधी क्षेपणास्त्रं मावतात. एका प्रतिरोधीला एकच अडतं. त्याच्याकडं किती आहेत, देव जाणे.