विदर्भाचा उन्हाळा आणि घरातलं चालणं: वॉकिंग पॅडचा फेब्रुवारी ते जून अनुभव

वॉकिंग पॅड म्हणजे घरात चालण्यासाठीचं छोटं, फिरत्या पट्ट्याचं ट्रेडमिल. इथलं मशीन मधल्या वर्गातलं आहे. २.५ एचपीची मोटर, वेग ताशी १ ते ६ किमी, पट्टा ४० सेंमी रुंद, घडी होणारा हँडल, रिमोट, वजन २५ किलोच्या आसपास. असे वॉकिंग पॅड साधारण १५ ते २२ हजारांत मिळतात. घर नागपुरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. फेब्रुवारीच्या गारव्यापासून नवतप्यापर्यंत (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आणि पुढे जूनच्या चिकचिकाटापर्यंत वापरल्यावर मत असं की मशीन ठीकच आहे, पण एप्रिल-मेमध्ये त्यावर चालवेल की नाही हे खोलीतल्या हवेवर ठरतं. म्हणून खाली पट्ट्याइतकंच कूलरबद्दल लिहिलंय.

आधी एचपीबद्दल. खोक्यावरचा २.५ हा क्षणभर गाठता येणारा कमाल आकडा असतो. ७० किलोचा माणूस ताशी ४ किमीने चालत असताना प्रत्यक्षात २५० ते ४०० वॅट लागतात. रोज तासभर धरला तरी महिन्याला ८ ते १२ युनिट, म्हणजे बिलाची काळजी नको. काळजी वेगळीच आहे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते, आणि चालणाऱ्याच्या अंगातून आणखी अडीचशे वॅट बाहेर पडतात. बंद खोलीत अर्धा किलोवॉटचा हीटर लावून व्यायाम केल्याचाच हा प्रकार. शिवाय रस्त्यावर चालताना स्वतःच्याच गतीने थोडा वारा लागतो, पॅडवर तोही नाही. त्यामुळे रस्त्यावर सहज वाटणाऱ्या वेगाला इथे दहाव्या मिनिटाला नाडी चढलेली असते. एप्रिलपासून वेग अर्ध्या ते एक किमीने खाली आणणं यात कमीपणा काही नाही.

आता हवा. कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की नुसता पंखा अंगाची उष्णता काढून नेत नाही, उलट झळा अंगावर मारतो, आणि शरीराला घाम वाळण्याचाच आधार उरतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या जवळपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा (कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजत राहणाऱ्या पडद्यांचा) डेझर्ट कूलर या दोन आकड्यांतलं तीन-चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे हवा २८-२९ अंशांना बाहेर येते. एवढ्यात निवांत चालता येतं. ताटी क्षारांनी कडक झाली असेल किंवा पंपाच्या नळीची भोकं बुजून अर्धी ताटी कोरडी राहत असेल, तर हाच आकडा ३३-३४ वर जातो आणि दोष मात्र मशीनला दिला जातो. बोअरचं जड पाणी असेल तर टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून धुवावी. नुसतं वरून पाणी भरत राहिलं की क्षार साठत जातात.

कूलर कुठे आणि पॅड कुठे, याला फार महत्त्व आहे. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा असावा, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार-सहा इंच उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला की वीस मिनिटांत खोली दमट होते आणि घाम वाळायचा थांबतो. पॅड कूलरपासून दोन-अडीच मीटरवर, झोत तिरका छातीवर येईल असा ठेवावा. अगदी समोर ठेवला तर ताट्यांतून उडणारे बारीक थेंब मोटरच्या जाळीत जातात. पाणी वाळतं, क्षार आत राहतात. पट्ट्याच्या मागे दीड-दोन मीटर मोकळी जागा सोडावी, तिथे कपाट किंवा दिवाण नको. तोल गेला तर माणूस मागेच फेकला जातो.

वेळेबाबत एक गैरसमज सगळीकडे दिसतो: संध्याकाळी ऊन उतरलं की चालू. वरच्या मजल्यावर हे चालत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत असतो, त्या वेळी छताला हात लावला तर कळतं. घर सगळ्यात थंड असतं पहाटे पाच ते सात. त्या वेळी बाहेरच का चालू नये, हा प्रश्न रास्त आहे. ज्यांना जमतं त्यांनी बाहेरच चालावं, पॅडची गरज नाही. पॅडचा खरा उपयोग पहाट साधत नाही त्यांना, आणि मे महिन्यात आठ वाजताच ऊन चटके देऊ लागतं तेव्हा.

जूनमध्ये सगळं गणित उलटतं. पहिल्या वळवाच्या सरीनंतर आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर गेली की कूलर हवा थंड करत नाही, फक्त ओल वाढवतो. त्या दिवसापासून पंप बंद, नुसता कूलरचा पंखा आणि सगळ्या खिडक्या उघड्या. हवा ३५च्या खाली असल्याने आता साधा वाराही उपयोगी पडतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या वाचकांसाठी तर हा नियम पूर्ण उन्हाळाभर लागू आहे: तिकडे डेझर्ट कूलर घेऊच नये, मोठा टेबल फॅन अंगावर घ्यावा, आणि एसी असेल तर २६-२७ वर ठेवून जोडीला पंखा लावावा.

चालण्याची जी पद्धत टिकली ती अशी. पाच मिनिटं २ ते २.५ किमी वेगाने, मग पंधरा मिनिटं ३.५ ते ४, शेवटी पुन्हा पाच मिनिटं हळू. पंचवीस मिनिटांनंतर वीस मिनिटं थांबायचं आणि हवी तर दुसरी फेरी. ही सुट्टी माणसाइतकीच मोटरलाही लागते. वेग योग्य आहे का हे पाहायला घड्याळ लागत नाही, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दर पंधरा-वीस मिनिटांनी २०० मिली पाणी. तासाहून जास्त घाम गाळला तर ताक, मीठ घातलेलं पन्हं किंवा लिंबू सरबत. किती पाणी गेलं हे नेमकं हवं असेल तर आधी आणि नंतर वजन करावं, अर्धा किलो घट म्हणजे अर्धा लिटर पाणी गेलं. गरगरणं, मळमळ, डोकं ठणकणं, अंगावर काटा येणं यांपैकी काहीही झालं तर लगेच उतरावं. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजून अंग ओलं करून वारा घालायचा आणि १०८ला फोन. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे नाडीचा आकडा फसवा ठरतो. अशा मंडळींनी डॉक्टरांना आधी विचारावं.

आता मशीनची निगा, कारण तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. पट्टा आणि खालची फळी यांच्यात सिलिकॉन तेलाचा थर लागतो. हिवाळ्यात ४० तास चालून झाल्यावर तेल दिलं तरी भागतं. एप्रिल-मेमध्ये कूलर आणि उघड्या खिडक्यांतून धूळ येते, ती तेलात मिसळून काळा चिखल होतो, म्हणून २५-३० तासांनी तपासावं. प्लग काढायचा, पट्ट्याची कड उचलून बोट आत फिरवायचं. बोट कोरडं आलं तर तेल हवं. आधी सुती कापड आत सरकवून फळी पुसायची, मग दोन्ही कडांनी मिळून १० ते १५ मिली तेल नागमोडी सोडायचं आणि रिकामं मशीन १ किमी वेगाने तीन-चार मिनिटं फिरू द्यायचं. जास्त तेलाने पट्टा घसरतो. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, गंज सोडवायचा फवारा यांपैकी काहीही नको, पट्ट्याची खालची बाजू खराब होते. कोरडा पट्टा ओढताना मोटर जास्त करंट घेते, कंट्रोलर तापतो आणि मशीन मध्येच एरर दाखवून थांबतं. उन्हाळ्यात ‘मशीन बिघडलं’ म्हणून जी ओरड होते त्यात आधी हे तपासावं.

पट्टा उजवीकडे सरकत असेल तर मागच्या रोलरचा उजवा बोल्ट ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग दोन मिनिटं चालवून पाहायचं. डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. पाय टाकताच पट्टा अडखळत असेल तर तो सैल आहे: दोन्ही बोल्ट सारखेच पाव-पाव फेरा. मधोमध कड पाच-सात सेंमी उचलली गेली पाहिजे, त्याहून कमी म्हणजे ताण जास्त. पट्टा तापल्यावर थोडा सैलावतो, तेव्हा आवळला तर सकाळी थंड मशीनवर ताण जास्त निघतो. त्यामुळे हे काम सकाळीच करावं.

कोरड्या हवेत आणखी एक त्रास होतो. एप्रिलमध्ये हँडलला हात लावताच चटका बसतो. हा बहुतेक वेळा पट्ट्याच्या घर्षणाने साठलेला स्थिर विजेचा झटका असतो, क्वचित त्याने डिस्प्लेही रीसेट होतो. कूलर चालू असताना तो जवळजवळ नाहीसा होतो. झणझणीत, सतत बसणारा शॉक मात्र वेगळा. तो आला तर मशीन बंद करून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. पत्र्याचा कूलर आणि पॅड एकाच एक्स्टेंशनवर नको, दोन्हींना तीन पिनचा स्वतंत्र सॉकेट हवा, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. ओल्या हाताने, अनवाणी कूलरला हात लावणं दर उन्हाळ्यात जीव घेतं. लाइट जाते तेव्हा पट्टा एकदम थांबतो आणि ४च्या वेगाला चांगलाच हिसका बसतो, म्हणून भारनियमनाच्या वेळेत हँडल धरून, ३च्या आतच चालावं. चौकोनी लहरींच्या (स्क्वेअर वेव्ह) इन्व्हर्टरवर मशीन लावू नये.

डिस्प्लेवरचं अंतर तपासता येतं. प्लग काढून पट्ट्यावर खडूने खूण करायची, हाताने फिरवत टप्प्याटप्प्याने पूर्ण लांबी मोजायची. लांबी २.४ मीटर असेल आणि माणूस चालत असताना २० फेऱ्यांना ४३ सेकंद लागले, तर वेग बरोबर ४ किमी. वेळ जास्त लागला तर तेल आणि ताण पुन्हा पाहायचा. हातातलं घड्याळ हँडल धरल्यावर पावलं मोजत नाही, त्याचा दोष मशीनचा नाही.

वॉकिंग पॅडच हवा का? सूर्यनमस्कार फुकट आहेत आणि जागा कमी लागते, फक्त फरशीवर घामाने मॅट सरकते, ती पंख्याखाली कोरडी पुसत राहावी लागते. इमारतीचे जिने सावलीत असले तरी वारा नसतो आणि वरचे मजले भट्टीसारखे, मेमध्ये नकोच. १०० किलोवरच्या व्यक्तीने ४० सेंमी पट्टा घेऊ नये, ज्येष्ठांनी बिनहँडलचा घेऊ नये. खालच्या मजल्यावर लोक झोपत असतील तर ६-८ मिमीची रबरी मॅट आधीच घ्यावी. डिलिव्हरीच्या दिवशीच मशीन अर्धा तास रिकामं चालवून पट्टा सरकतो का, जळका वास येतो का पाहावं, आणि खोकं महिनाभर तरी टाकू नये, परत पाठवताना तेच मागतात.